चोरून लावलेला कलप

गेल्या वैशाखांतील गोष्ट. माझ्या धाकट्या जावेच्या मुलाची मुंज होती. घर पाहुण्यांनीं भरून गेलें होतें. माजघरांत लाडू वळण्याची घाई, अंगणांत मांडवाची. या गडबडींत ग्रहमखाच्या दिवशीं दुपारीं जाऊ वरचेवर कपाळाच्या कडेला व कानांमागें खाजवीत असलेली मला दिसली. विचारलें तर म्हणाली, "घाम आला असेल, वहिनी." मुंजीच्या दिवशीं पहांटे ती खोलीबाहेर आली तेव्हां तिला ओळखणें कठीण झालें. पापण्या सुजून डोळे जवळजवळ मिटले होते, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि मानेवर पुरळ उठलें होतें. मातृभोजनाला ती पदर पुढें ओढून बसली. नऊ वर्षांच्या बटूनें तिच्या तोंडाकडे पाहिलें आणि घास हातांत तसाच धरून विचारलें, "आई, तूं रडलीस का ग?"

त्या प्रश्नाचें उत्तर तिला सर्वांदेखत देतां आलें नाहीं. खरी हकीकत अशी होती कीं, दोन रात्रींपूर्वीं घरांतील सारीं माणसें निजल्यावर तिनें न्हाणीघराचें दार लावून घेऊन केंसांना कलप लावला होता.

दुपारीं डॉक्टर आले व त्यांनीं औषध दिलें. सूज पुरती उतरावयास पांच दिवस लागले. "हा रंग प्रथमच लावलात का?" या त्यांच्या प्रश्नाला तिनें उत्तर दिलें, "नाहीं हो, आठ वर्षें हाच लावतें आहें. कधीं कांहीं झालें नाहीं." "आणि लावण्यापूर्वीं थोडासा कानामागें लावून पाहिला होतात?" यावर ती गप्प राहिली. मागाहून मला एकटीला म्हणाली, "कानामागें काळा डाग घेऊन दोन दिवस घरांत वावरलें असतें, तर तो सासूबाईंच्या दृष्टीस पडला नसता का?"

तिच्या या एका वाक्यानें मला हा लेख लिहावयास लावलें. कलप लावावा कीं लावूं नये, हा वाद मला येथें घालावयाचा नाहीं. ज्याला पांढरे केंस शोभतात त्यानें ते खुशाल मिरवावे. ज्याला काळे हवेसे वाटतात त्यानें ते काळे करावे. परंतु आपल्यासारख्या घरांतून पुष्कळ स्त्रिया, आणि पुरुषहि, कलप लावतात तो लाजत, घाईनें व रात्रीं चोरून. त्यापायीं कातडीचें व केंसांचें जें नुकसान होतें, त्यांतील बरेंचसें रंगापेक्षां या चोरीमुळें होतें, असें माझें मत झालें आहे. तें कसें, हें त्यानंतर मीं जें वाचलें व जाणत्यांना विचारून समजून घेतलें, त्याच्या आधारें सांगतें.

हौस जुनीच आहे

केंस काळे करण्याची इच्छा आजची नव्हे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या 'बृहत्संहिते'त ग्रह, पर्जन्य, वास्तु अशा गंभीर विषयांच्या जोडीला गंधयुक्तीच्या अध्यायांत कलपाची कृति दिली आहे. कोद्रव म्हणजे आपला हरीक. त्याचे तांदूळ लोखंडाच्या चूर्णासह लोखंडी भांड्यांत आंबट द्रवांत शिजवावे, बारीक वाटून डोक्यास लावावे व ओल्या पानांनीं डोकें गुंडाळून बसावें. दोन प्रहरांनीं तें काढून आवळ्याचा लेप द्यावा, पुन्हां पानें बांधावीं व आणखी दोन प्रहर थांबून मग धुवावें. आवळ्यांतील तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगानें काळा रंग होतो. हिरडा व हिराकस यांच्या शाईचें तत्त्वहि हेंच. आपल्या आज्या मेंदी व आवळकाठी लोखंडी कढईंत रात्रभर भिजत घालीत, त्यामागेंहि हेंच रसायन होतें. चार प्रहर म्हणजे बारा तास पानें बांधून बसणाऱ्या माणसाला कलप चोरून लावणें शक्यच नव्हतें!

ही सवड पुढें सरली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यानें १८६३ सालीं पॅरा-फेनिलीन-डायअमाइन या द्रव्याचें वर्णन केलें. स्वतः जवळजवळ रंगहीन असलेलें हें द्रव्य प्राणवायूशीं संयोग झाला कीं गडद होतें. १८८३ सालीं फ्रान्समध्यें केंस रंगविण्यासाठीं त्याचें पेटंट घेण्यांत आलें, आणि १९०७ सालीं पॅरिसमधील तरुण रसायनतज्ज्ञ युजीन श्युलेर यानें केशरंग तयार करून तो केशभूषा करणाऱ्यांस विकावयास आरंभ केला. पुढें त्याचाच 'लॉरेआल' हा प्रचंड व्यवसाय झाला. आज बाजारांत मिळणाऱ्या काळ्या पक्क्या रंगांपैकीं बहुतेकांत हेंच द्रव्य किंवा त्याचें एखादें भावंड असतें. बारा तासांचें काम अर्ध्या तासावर आलें, ही सोय खरी. पण या अर्ध्या तासांत काय घडतें तें समजून घेतलें पाहिजे.

केंसाचें वय

केंस वाढतो तो फक्त मुळाशीं. कातडीच्या खालीं असलेला त्याचा कंद तेवढा जिवंत. बाहेर आलेला केंस नखाप्रमाणें निर्जीव असतो. म्हणूनच तो कापला तरी दुखत नाहीं. आणि म्हणूनच एकदां बिघडला कीं स्वतः होऊन दुरुस्तहि होत नाहीं. कातडीवर ओरखडा उठला तर तो चार दिवसांनीं भरून येतो, केंसाला ती सोय नाहीं. 'केंस मुळापासून टोकापर्यंत पुन्हां नवे होतात' अशा जाहिराती वाचतांना एवढें ध्यानांत ठेवावें. तेलानें वा मलमानें केंसाचा खडबडीतपणा झांकतां येतो, पुढील झीज थांबवितां येते. झालेली झीज भरून निघत नाहीं.

डोक्यावरील केंस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. या हिशेबानें ज्या बाईची वेणी साठ सेंटिमीटर लांब आहे, तिच्या शेपट्याच्या टोकाचा केंस पांच वर्षांचा झाला. त्यानें पांच उन्हाळे सोसले आणि शेंकडों वेळां फणी सोसली. आतां या बाईनें दर सहा आठवड्यांनीं सर्व केंसांना मुळापासून टोकापर्यंत कलप थापला असेल, तर त्या टोकाला तो चाळीसाहून अधिक वेळां लागला! वास्तविक प्रत्येक वेळीं रंगवावयाचा असतो तो मुळाशीं नवा आलेला दीड सेंटिमीटर पांढरा भाग. बाकीचा केंस आधींच रंगलेला असतो. रंगविलेल्या केंसांच्या टोकांना फाटे फुटतात, ते झाडूच्या काड्यांसारखे राठ होतात, याचें मोठें कारण हें कीं, दीड सेंटिमीटरासाठीं आपण साठ सेंटिमीटरांना शिक्षा करतों.

आणि असें कां होतें? मुळाशीं तेवढाच रंग लावावयाचा तर भांग पाडून, एकेक बट बाजूला करून, ब्रशानें बेतानें लावावा लागतो. पुढचें डोकें आरशांत दिसतें. मागचें दिसत नाहीं. तेथें दुसऱ्याचा हात हवा. चोरून लावणारीला तो मिळत नाहीं. मग ती सर्व केंस पुढें घेऊन त्यांवर वाटी उपडी करते.

रंग आंत कसा शिरतो

कोंकणांतील घरांवर कौलें जशीं एकावर एक चढवून बसवितात, तसे केंसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. त्यांवर स्निग्ध द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. केंसाची चमक व मऊपणा त्यामुळें. आंतील गाभा केराटिन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंचा, आणि केंसाला मूळचा काळेपणा देणारे कण या गाभ्यांत असतात.

पक्क्या रंगाच्या पुड्यांत बहुधा दोन भाग असतात. एकांत रंगाचीं द्रव्यें व अमोनियासारखें एखादें अल्क, दुसऱ्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कानें केंस फुगतो व खवले उघडतात. त्या फटींतून रंगाचे लहान कण आंत जातात, आणि आंत पेरॉक्साइडमुळें ते एकमेकांस चिकटून मोठे होतात. अरुंद दारानें एकेकट्या आंत आलेल्या मुली हात गुंफून फुगडीला उभ्या राहिल्या, तर त्या जोडीनें त्याच दारांतून बाहेर पडतां येत नाहीं. तसें या कणांचें होतें. म्हणूनच हा रंग धुण्यानें सहसा जात नाहीं. परंतु याच क्रियेंत वरचा स्निग्ध थर बराचसा निघून जातो, कांहीं खवले उचकटलेलेच राहतात आणि गाभ्यांतील प्रथिनाचा थोडा भाग नष्ट होतो. हें दर खेपेस होतें. म्हणून पुडीवर पंचवीस मिनिटें सांगितलीं असतां 'चांगला बसूं दे' म्हणून तासभर ठेवण्यांत लाभ नसून हानि आहे.

'अमोनिया नाहीं' असें ज्या पुड्यांवर लिहिलेलें असतें, त्यांत त्याऐवजीं दुसरें अल्क असतें. त्याला वास नसतो, एवढ्यावरून तें निरुपद्रवी ठरत नाहीं. आणि कातडीस बाधणारें रंगद्रव्य तर त्यांतहि बहुधा तेंच असतें.

'मेंदी' म्हणजे मेंदीच का?

येथें एका गोड गैरसमजाविषयीं लिहिलें पाहिजे. "मी बाई रसायन लावीत नाहीं, काळी मेंदी लावतें," असें पुष्कळजणी म्हणतात. मेंदीच्या पानांतील रंगद्रव्य केंसाच्या प्रथिनाला चिकटतें; त्याचा रंग केशरी-तांबूस, फार तर तपकिरी. शुद्ध मेंदीनें केंस काळे होत नाहींत. तिच्यानंतर नीळीच्या पानांची पूड लावली तर गडद छटा येते, पण त्या दोन लेपांना मिळून कित्येक तास लागतात. जी 'काळी मेंदी' अर्ध्या तासांत केंस कुळकुळीत काळे करते, तींत वर सांगितलेलें रसायनच असतें, असें समजून चालावें व पुडीवरील बारीक अक्षरें भिंग घेऊन वाचावींत. लग्नसमारंभांत किंवा जत्रेंत हातांवर काढून देतात ती झटपट रंगणारी काळी मेंदीहि याच जातीची. तिनें एखाद्या मुलीच्या कातडीस एकदां बाधा झाली, तर पुढें केंसांचा कलप तिला जन्मभर वर्ज्य होऊं शकतो. घरांतील लहान मुलींना ती लावूं देऊं नये.

खरी मेंदी पुष्कळांना सोसते, पण तिनें केंस कोरडे पडतात. तेव्हां आदल्या रात्रीं तेल लावलें असल्यास बरें. आणखी एक सूचना : लोखंडी कढईंतील मेंदी वर्षानुवर्षें लावणाऱ्या स्त्रीनें एकाएकीं पेरॉक्साइडच्या रंगाकडे वळूं नये. केंसांवर राहिलेल्या धातूच्या अंशामुळें पेरॉक्साइडची क्रिया भडकण्याचा संभव असतो. आधीं गळालेल्या केंसांच्या एका झुपक्यावर प्रयोग करून पाहावा.

दोन दिवसांची चाचणी

माझ्या जावेचा मुख्य प्रश्न असा होता कीं, आठ वर्षें सोसलेला रंग नवव्या वर्षीं कसा बाधला? याचें उत्तर प्रत्येकीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ही बाधा पहिल्या भेटींत होतेच असें नाहीं. शरीर वारंवार भेटणाऱ्या या द्रव्याची जणूं ओळख करून घेत असतें, आणि एके दिवशीं त्याला शत्रु ठरवितें. त्यानंतर थोडासा स्पर्शहि पुरतो. म्हणून 'नेहमींचाच आहे' ही हमी नव्हे. चाचणी दर खेपेस केली पाहिजे.

ती अगदीं सोपी आहे. पुडीवरील सूचनेप्रमाणें थोडा रंग कानामागें किंवा कोंपराच्या आंतील बाजूस लावून अठ्ठेचाळीस तास वाट पाहावी. खाज, लाली, फोड यांपैकीं कांहीं दिसल्यास तो रंग टाकून द्यावा. ज्यांना पूर्वीं एकदां बाधा झाली आहे त्यांनीं मात्र घरीं चाचणीहि करूं नये; त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. ही सूचना पुडीवर छापणें आपल्या देशांतील नियमांनीं बंधनकारक केलें आहे. त्याच सूचनेंत असेंहि सांगितलेलें असतें कीं, हा रंग भुवयांना व पापण्यांना लावूं नये, लावल्यास अंधत्व येऊं शकतें. हें भय काल्पनिक नव्हे. १९३३ च्या सुमारास अमेरिकेंत 'लॅश-ल्यूर' नांवाच्या पापण्यांच्या रंगानें स्त्रियांच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली, दृष्टि गेली. १९३८ सालीं तेथें सौंदर्यप्रसाधनांवर नियंत्रण घालणारा कायदा झाला, त्यामागील कारणांत हें एक होतें.

रंग लावल्यावर आग होऊं लागली तर वेळ पुरी होण्याची वाट न पाहतां भरपूर पाण्यानें धुवून टाकावा. तोंडावर सूज आली किंवा श्वास घेण्यास त्रास होऊं लागला तर घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें. आणि कलपाच्या पुड्या कुलपांत ठेवाव्या. हें द्रव्य पोटांत गेल्यास घसा सुजून व मूत्रपिंडें निकामीं होऊन प्राणावर बेततें. ज्या घरांत मुलें आहेत तेथें ती न्हाणीघराच्या कोनाड्यांत ठेवण्याची वस्तु नव्हे.

कर्करोगाविषयींहि अनेकजणी विचारतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, स्वतःच्या केंसांना रंग लावणाऱ्यांबाबत उपलब्ध पुराव्यावरून निर्णय करतां येत नाहीं, असें म्हटलें आहे. परंतु रोज इतरांचे केंस रंगविणाऱ्या कारागिरांच्या बाबतींत तिनें संभाव्य धोका मानला आहे. भयानें झोंप उडविण्याचें कारण नाहीं. पण खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावे व गरजेपेक्षां अधिक वेळां लावूं नये, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

लावतांना

डोक्यावर जखम, पुरळ वा खवडे असतील तर रंग लावूं नये. त्याच दिवशीं शिकेकाईनें खसखसून न्हाऊं नये; कातडीवरील स्वाभाविक तेल तिचें थोडें रक्षण करतें. कपाळाच्या कडेला व कानांवर व्हॅसलीन लावावें. रंग काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटींत कालवावा, धातूच्या भांड्यांत नव्हे. उरलेलें मिश्रण बाटलींत बंद करून ठेवूं नये. त्यांतून वायु निघत राहून बाटली फुटण्याचा संभव असतो. घड्याळ समोर ठेवावें. आणि मागचें डोकें दुसऱ्याकडून लावून घ्यावें.

लावल्यानंतरची निगा

पुढील दोन-तीन दिवस डोक्यावरून न्हाऊं नये व त्यानंतरहि आठवड्यांतून एकदां-दोनदां न्हाणें पुरेसें आहे. रंग उतरण्यांत साबणाइतकाच नुसत्या पाण्याचाहि वाटा असतो. कढत पाणी टाळावें, कोमट घ्यावें. अंगाचा साबण केंसांना कधींच लावूं नये. तो अल्कधर्मी असल्यानें खवले पुन्हां उघडतो, आणि विहिरीच्या जड पाण्यांत त्याचा चिकट साका केंसांवर बसतो. सौम्य शाम्पू चालेल. शिकेकाई व रिठा हे अल्कधर्मी नसल्यानें तेहि चांगले, मात्र त्यांचा काढा गाळून घ्यावा. भरड पूड चोळल्यास ती केंसाला घांसते. शाम्पूनंतर टोकांना कंडिशनर लावणें ही चैन नव्हे : जेथें केंस झिजलेला असतो तेथें तो अधिक चिकटतो व उचकटलेले खवले बसवितो.

आपल्या खोबरेल तेलाला शास्त्राचीहि साक्ष मिळाली आहे. मुंबईच्या रेळे व मोहिले या संशोधकांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत खनिज तेल, सूर्यफुलाचें तेल व खोबरेल यांची तुलना केली. रसायनांनीं दुबळ्या झालेल्या केंसांतीलहि प्रथिनाची झीज कमी करण्याचा गुण त्यांना ठळकपणें फक्त खोबरेलांत आढळला, कारण त्याचे कण केंसाच्या आंत शिरूं शकतात. तेव्हां न्हाण्यापूर्वीं कांहीं तास, शक्य तर आदल्या रात्रीं, केंसांना खोबरेल लावण्याची आपली जुनी चाल रंगविलेल्या केंसांना विशेषच हितकर आहे.

दुसऱ्या एका जुन्या चालीचा मात्र निरोप घ्यावा. न्हाल्यावर केंस पंचानें फटाफट झटकणें आणि ओल्या केंसांचा घट्ट अंबाडा बांधणें, या दोन्ही गोष्टी रंगविलेल्या केंसांना सोसत नाहींत. ओला केंस कमकुवत असतो. जुन्या मऊ सुती कापडानें तो टिपावा, गुंता बोटांनीं सोडवावा व जाड दातांच्या कंगव्यानें टोकाकडून वर विंचरावा. विजेच्या यंत्राची फार कढत हवा घेऊं नये. ऊन्ह केंसांचा रंगहि उडवितें व तंतूहि दुबळा करतें. दुपारीं बाहेर पडतांना डोक्यावरून पदर किंवा ओढणी घेण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. फाटे फुटलेलीं टोकें दोन-तीन महिन्यांनीं कापून टाकावींत; तीं जोडणारें औषध नाहीं.

शेवटीं

मुंजीनंतर दोन दिवसांनीं सासूबाईंना सारें कळलें. त्यांचे केंस कापसासारखे पांढरे आहेत आणि त्यांनीं जन्मांत कधीं कलप लावलेला नाहीं. आतां काय बोलतात, म्हणून आम्ही दोघी जीव मुठींत धरून उभ्या होतों. त्या एवढेंच म्हणाल्या, "अग, मला सांगितलें असतेंस तर मागचें डोकें मींच लावून दिलें असतें. डोळे जाते तर?"

तो रंग जावेला आतां कायमचा बंद आहे. डॉक्टरांच्या संमतीनें तिनें शुद्ध मेंदी व नीळ कोंपरावर लावून पाहिली. ती तिला सोसते. केंस पूर्वींइतके काळे दिसत नाहींत, किंचित् तपकिरी दिसतात. महिन्यांतून एका रविवारीं मागल्या पडवींत ती पाटावर बसते, सासूबाई खुर्चीवर बसून तिच्या मुळांना लेप लावतात आणि मुंज झालेले आमचे बटू वाटी धरून उभे असतात.

वाचकभगिनींनीं आपल्या घरांत कोणाला रात्रीं न्हाणीघराचें दार लावून घ्यावें लागत नाहीं ना, हें एकदां पाहावें. घरांतील वडील स्त्रियांनीं स्वतः होऊन विचारलें, तर कानामागचा तो लहानसा डाग दोन दिवस कोणालाच लपवावा लागणार नाहीं.